वैमानिकाचा पेशा आणि आमच्या जिल्ह्यांतील मुलें

दरवर्षीं दहावीचा निकाल लागला म्हणजे घरोघर मुलांस एकच प्रश्न विचारला जातो: "पुढें काय होणार?" या प्रश्नाचीं आमच्या बीड जिल्ह्यांतील उत्तरें फार दिवस ठरलेलीं होतीं. कोणी डॉक्टर म्हणे, कोणी इंजिनियर, कोणी मास्तर. आणि कोणी कांहीं न बोलतां बापाच्या शेताकडे पाही. अलीकडे या उत्तरांत एका नव्या उत्तराची भर पडली आहे. "हवाई दलांत वैमानिक होणार," असें सांगणारें एखादें तरी मूल आतां वर्गावर्गांतून निघतें. आणि त्यांत मुलीहि असतात.

हें उत्तर ऐकून हंसणारे लोक आहेत, तसेच टाळ्या वाजविणारेहि आहेत. आमच्या मतें दोघेहि मुलाचें सारखेंच नुकसान करतात. हंसणारा त्याची उमेद मारतो, आणि टाळ्या वाजविणारा त्यास वाट दाखवीत नाहीं. कॉलेजचें शिक्षण पुरें करून हवाई दलांत अधिकारी व वैमानिक होणें, ही गोष्ट बीडच्या मुलास अशक्य नाहीं; पण ती नुसत्या हौसेनें साधत नाहीं. आणि आम्हांस या लेखांत जें मुख्यतः सांगावयाचें आहे तें असें, कीं पदवीनंतर घ्यावयाच्या या पेशाचा निर्णय पदवीनंतर होत नसतो. तो सोळाव्या वर्षीं, घरांत व शाळेंत, बहुधा कोणाच्या ध्यानींमनीं नसतांना, होऊन जातो. म्हणून हा लेख जितका मुलांसाठीं आहे तितकाच त्यांच्या आईबापांसाठींहि आहे.

आधीं हंसणारांस उत्तर देऊं. ते म्हणतात, "आपल्या जिल्ह्याचा आणि विमानांचा संबंध काय?" वरवर पाहतां त्यांचें म्हणणें खरें वाटतें. आमच्या बीड शहरास विमानतळ नाहीं. प्रवाशांची आगगाडी सुद्धां पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिल्यावर १७ सप्टेंबर २०२५ रोजीं येथें आली. ज्या गांवास आगगाडी येण्यास एवढीं वर्षें लागलीं, त्या गांवच्या मुलानें आकाशाच्या गोष्टी कशास कराव्या, असें कोणास वाटल्यास नवल नाहीं. परंतु वैमानिक हा विमानतळाजवळ जन्मावा लागतो, असा नियम कोठेंहि नाहीं.

मराठी माणसाचा या पेशाशीं संबंध आजकालचा नाहीं. पहिल्या महायुद्धांत ब्रिटिशांच्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्यें जे थोडे हिंदी तरुण अधिकारी वैमानिक म्हणून घेतले गेले, त्यांत मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर हे एक होते. ते केंब्रिज येथें शिकलेले. १९१७ सालीं ते त्या दलांत दाखल झाले, आणि १९१८ च्या जून महिन्यांत फ्रान्समध्यें लढतां लढतां त्यांचा अंत झाला. त्या काळीं आपल्या देशास स्वतःचें हवाई दल नव्हतें. तें ८ ऑक्टोबर १९३२ रोजीं स्थापन झालें, आणि १ एप्रिल १९३३ रोजीं त्याची पहिली तुकडी उभी राहिली, तेव्हां तिच्यांत अवघे पांच वैमानिक होते. पुढें १९४७–४८ च्या काश्मीरच्या लढाईंत हृषिकेश मुळगावकर यांस महावीर चक्र मिळालें, आणि १९७६ सालीं तेच संपूर्ण हवाई दलाचे प्रमुख झाले. त्यांच्यामागून अनिल यशवंत टिपणीस व प्रदीप वसंत नाईक या मराठी गृहस्थांनीं तें पद भूषविलें.

कोणी म्हणेल, हे सारे मोठ्या शहरांतले. तर मग मराठवाड्यांतलेंच उदाहरण घ्यावें. ३० सप्टेंबर २०२१ पासून तीन वर्षें हवाई दलाचे प्रमुख असलेले एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी यांचें मूळ गांव नांदेड जिल्ह्यांतील हस्तरा हें होय. ते बारावीनंतरच्या वाटेनें, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींतून गेले, कॉलेजनंतरच्या वाटेनें नव्हे. आणि २९ डिसेंबर १९८२ रोजीं लढाऊ वैमानिक म्हणून अधिकारी झाले. वाट कोणतीहि असो, मराठवाड्यांतील एका खेडेगांवाशीं नातें सांगणारा मनुष्य त्या शिखरावर पोंचला, ही गोष्ट आमच्या हंसणाऱ्या मित्रांनीं ध्यानांत ठेवावी. शिवाय शिकावयासहि फार लांब जावें लागत नाहीं. हवाई दलाची प्रबोधिनी हैदराबादेजवळ दुंडिगल येथें आहे. तेथें पिलाटस जातीच्या लहान विमानावर पहिले धडे दिले जातात. पुढें ज्यांस लढाऊ विमानें चालवावयाचीं असतात ते बिदर येथें हॉक विमानावर शिकतात; हीं विमानें बिदरला २००८ पासून आहेत. १९५६ पर्यंत बीड व बिदर हे दोन्ही जिल्हे एकाच हैदराबाद राज्यांत होते. म्हणजे हा पेशा कांहीं सातासमुद्रापलीकडचा नाहीं.

आतां टाळ्या वाजविणारांकडे वळूं. विद्यार्थिमित्रहो, आधीं हें समजून घ्या कीं, हवाई दलांत नुसता विमान हांकणारा कोणी नसतो. वैमानिक हा प्रथम अधिकारी असतो आणि मग वैमानिक. त्याच्या शब्दावर दुसऱ्यांचे प्राण अवलंबून असतात. म्हणून निवड करणारे लोक विमानाविषयीं तुम्हांस किती ठाऊक आहे हें फारसें विचारीत नाहींत. तुम्ही कसे आहां हें पाहतात.

पदवीधरास आंत जाण्याच्या वाटा मुख्यतः तीन आहेत. पहिली, केंद्रीय लोकसेवा आयोगाची सीडीएस परीक्षा. ती वर्षांतून दोन वेळां होते. हवाई दलासाठीं तींत इंग्रजी, सामान्य ज्ञान व प्राथमिक गणित असे तीन पेपर असतात, आणि गणिताची पातळी दहावीचीच असते. दुसरी, हवाई दलाची स्वतःची एएफकॅट ही परीक्षा. तीहि वर्षांतून दोनदां होते. हिच्यांतून मुलगे व मुली या दोघांसहि वैमानिक होतां येतें. मात्र ही नेमणूक चौदा वर्षांची असते, निवृत्तीपर्यंतची नव्हे. तिसरी वाट एनसीसीची. ज्यानें एनसीसीच्या हवाई शाखेंत राहून सी प्रमाणपत्र मिळविलें, त्यास लेखी परीक्षा न देतां सरळ निवड मंडळापुढें जातां येतें. म्हणून कॉलेज निवडतांना तेथें एनसीसीची हवाई शाखा आहे कीं नाहीं, हें विचारून ठेवावें. वयाची मर्यादा मात्र कडक आहे. शिक्षणक्रम सुरू होतांना उमेदवार वीस ते चोवीस वर्षांच्या दरम्यान व अविवाहित असावा लागतो. एकविसाव्या वर्षीं पदवी घेणाऱ्या मुलाच्या हातीं उणींपुरीं तीन वर्षें राहतात. आणि तेवढ्या अवधींत कोणाचा पाया नव्यानें घालून होत नाहीं.

येथेंच सोळाव्या वर्षाचा प्रश्न येतो. पदवी कोणत्याहि विषयाची चालते. इतिहासाची असो, वाणिज्याची असो, कीं मराठीची असो. एएफकॅटसाठीं तींत शेंकडा साठ गुण लागतात. परंतु बारावीस गणित व भौतिकशास्त्र हे दोन्ही विषय असलेच पाहिजेत. आमच्याकडे काय होतें पहा. दहावी झाली कीं, "गणित अवघड जातें, तें सोडून दे," असा सल्ला शेजारीपाजारी देतात. कोणी मुलास डॉक्टर करण्याच्या आशेनें नुसतें जीवशास्त्र घ्यावयास लावतात. चार-पांच वर्षांनीं तोच मुलगा पहिल्या वर्गांत पदवी घेऊन वैमानिक होण्याचा अर्ज हातीं घेतो, आणि अर्जाच्या पहिल्याच पानावर त्यास दार बंद झालेलें दिसतें. तें दार त्या दिवशीं बंद झालेलें नसतें. अकरावीच्या प्रवेशाच्या दिवशीं झालेलें असतें. म्हणून आमची पहिली विनंती अशी कीं, ज्या मुलाच्या मनांत या पेशाचा विचार पुसट देखील आला असेल, त्यानें गणित सोडूं नये, आणि पालकांनींहि तें सोडावयास लावूं नये. गणितानें कोणाचें नुकसान झाल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

दुसरी गोष्ट शरीराची. वैमानिकाची उंची निदान १६२.५ सेंटिमीटर असावी लागते. पायांची लांबी, बसल्यावरची उंची, मांडीची लांबी, हींहि मोजलीं जातात. कारण विमानांतील आसन सर्वांसाठीं एकाच मापाचें असतें. डोळ्यांविषयींचे नियम फार कडक आहेत, आणि रंग अचूक ओळखतां येणें अवश्य आहे. यांतील पुष्कळ गोष्टी देवाघरून येतात. त्यांत कोणाचा दोष नाहीं व कोणाची फुशारकीहि नाहीं. पण चांगल्या नेत्रवैद्याकडून सोळाव्या-सतराव्या वर्षीं डोळे तपासून घेणें, हें तर आपल्या हातीं आहे. त्यास खर्च थोडा येतो, आणि पुढील पांच वर्षांची चुकीची आशा त्यामुळें वांचते. पुष्कळ घरांतून हें केलें जात नाहीं. मूल फळ्यावरचें वाचण्यासाठीं पुढल्या बांकावर बसावयास मागतें, त्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. आणि पुढें वैद्यकीय परीक्षेंत तें नापास झालें म्हणजे सारे नशिबास बोल लावतात.

तिसरी गोष्ट आमच्या मतें सर्वांत मोठी. लेखी परीक्षेंत पास झाल्यावर उमेदवारास डेहराडून, म्हैसूर, गांधीनगर अशा एखाद्या ठिकाणच्या निवड मंडळापुढें पांच दिवस राहावें लागतें. तेथें पंधरा गुण पाहिले जातात. जबाबदारी घेण्याची वृत्ति, दुसऱ्यास बरोबर घेऊन काम करण्याची हातोटी, विचारशक्ति, धैर्य, निर्णयाची तत्परता, हे त्यांतले कांहीं. एक चित्र दाखवून त्यावर गोष्ट लिहावयास सांगतात. फळ्या, दोर व पिंपें देऊन सात-आठ जणांच्या टोळीस अडथळ्यापलीकडे ओझें न्यावयास सांगतात. आईबाप, गुरुजन व मित्र तुमच्याविषयीं काय म्हणतात, तें तुमच्याच हातानें लिहवून घेतात. आणि एक माहितीपत्रक भरून घेतात, त्यांत वडिलांचा धंदा व उत्पन्न हेंहि लिहावें लागतें.

या माहितीपत्रकाविषयीं आम्हांस आमच्या मुलांशीं मोकळेपणानें बोलावयाचें आहे. आमच्या जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें दसरा-दिवाळी उलटली कीं कोयता घेऊन ऊसतोडीस जातात, व उन्हाळ्याच्या तोंडीं परत येतात. त्यांचीं मुलें कधीं आजीपाशीं राहतात, कधीं हंगामी वसतिगृहांत, आणि कधीं आईबापांबरोबर फडावर जातात. अशा पुष्कळ मुलांस वडिलांचा धंदा कागदावर लिहितांना लाज वाटते. कोणी "शेती" लिहितो, कोणी "व्यापार" लिहितो. मुलांनो, असें करूं नका. "ऊसतोड कामगार" असें सरळ व स्वच्छ अक्षरांत लिहा. एक तर तीन निरनिराळे परीक्षक तुम्हांस तीन बाजूंनीं पारखीत असतात. त्यांच्यापुढें खोटें टिकत नाहीं. दुसरें, जो आपल्या बापाचें काम लपवितो तो पुढें आपली चूकहि लपवील, आणि विमानाच्या बाबतींत लपविलेली चूक म्हणजे माणसांचे प्राण. आणि तिसरें, यांत लपविण्यासारखें मुळीं कांहींच नाहीं. आईबाप सहा महिने घरीं नसतांना ज्या मुलीनें धाकट्या भावंडांस जेवूं घालून शाळेंत पाठविलें, बारा-तेरा वर्षांच्या वयांत म्हाताऱ्या आजीचें औषधपाणी संभाळलें, किराणा दुकानाचा हिशेब ठेवला, तिला जबाबदारी म्हणजे काय हें कोणत्या क्लासनें शिकवावयाचें? मोळी कशी बांधावी, जड ओझें चार जणांनीं कसें उचलावें, पुढें कोण व मागें कोण, हें ज्या मुलानें फडावर पाहिलें आहे, तो फळी व दोर पाहून बावरेल असें आम्हांस वाटत नाहीं. निवड मंडळ जे गुण शोधीत असतें, ते आमच्या पुष्कळ मुलांच्या अंगीं आधींच असतात. उणीव असते ती एवढीच, कीं हे गुण आहेत असें त्यांस कोणी सांगितलेलें नसतें.

उणीव आणखीहि एक आहे, ती आम्ही झांकून ठेवीत नाहीं. ती इंग्रजीची. एएफकॅटची परीक्षा इंग्रजींतच असते, आणि निवड मंडळापुढेंहि इंग्रजींत बोलण्याची संवय उपयोगी पडते. ही संवय दोन महिन्यांत होत नाहीं. रोज वर्तमानपत्राचें एक पान मोठ्यानें वाचणें, वर्गांत चुकत कां होईना पण बोलणें, आणि हंसणाऱ्याकडे लक्ष न देणें, एवढें केलें तर पांच वर्षांत ती अंगवळणीं पडते. मराठीची लाज धरून इंग्रजी येत नाहीं, हेंहि येथेंच सांगून ठेवतों. ज्यास आपल्या भाषेंत नीट विचार करतां येतो, त्यास दुसऱ्या भाषेंत तो मांडतां येतो.

मंडळापुढें नापास झालेल्या उमेदवारास वय असेपर्यंत पुन्हां जातां येतें. परंतु वैमानिकासाठीं यंत्रावर एक वेगळी चाचणी घेतात. हात, पाय, डोळे व कान हे एकाच वेळीं किती बरोबर चालतात, हें तींत पाहतात. ही चाचणी जन्मांत एकदांच देतां येते. तींत जो नापास झाला, त्यास हवाई दलांत वैमानिक होण्याची वाट कायमची बंद होते. म्हणून झोप न झालेली, पोट बिघडलेलें, प्रवासानें दमलेलें, अशा स्थितींत तेथें जाऊं नये.

आतां पैशाचा विचार. नागरी वैमानिकाचा परवाना मिळवावयाचा तर अनेक लाख रुपये पदरचे घालावे लागतात. हवाई दलांत गोष्ट उलट आहे. तेथें शिक्षणाचा खर्च सरकार करतें, आणि अधिकारी झाल्यावर फ्लाइंग ऑफिसरास दरमहा ५६,१०० रुपये आरंभीचें मूळ वेतन व १५,५०० रुपये सैनिकी सेवा वेतन सातव्या वेतन आयोगानें ठरविलें, भत्ते निराळे. महाराष्ट्र सरकारनें पदवीधरांसाठीं नाशिकरोड येथें छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र चालविलें आहे; तेथें सीडीएस परीक्षेची व निवड मंडळाची तयारी राहण्याजेवणासह विनामूल्य करून घेतात. त्याची माहिती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत मिळते. असें असतां कित्येक पालक कोणा दलालाच्या गोड बोलण्यास भुलून, शेत गहाण टाकून, "भरती करून देतों" म्हणणाराच्या हातीं पैसे देतात. मुकादमाची उचल घेतली तर निदान हंगामाअखेर कष्टानें ती फिटते. या दलालांस दिलेला पैसा कधींच फिटत नाहीं. हवाई दलांत अधिकाऱ्याची जागा विकत मिळत नाहीं. जो ती विकतों म्हणतो, तो लबाड आहे एवढें समजून त्याच्याशीं बोलणें बंद करावें.

येथपर्यंत मुलांशीं बोललों. आतां आईबापांशीं बोलावयाचें आहे, आणि तें अधिक अवघड आहे. "पोरानें काय वाटेल तें करावें, पण जिवावरचें काम नको," असें आई म्हणते. तिचें चुकतें असें आम्हीं कोणत्या तोंडानें म्हणावें? या पेशांत धोका आहे, आणि तो केवळ शत्रूपासून नाहीं. २७ फेब्रुवारी २०१९ हा दिवस घ्या. त्या दिवशीं शत्रूच्या हातीं सांपडून पुढें सुखरूप परत आलेल्या विंग कमांडर अभिनंदन वर्धमान यांचें नांव आमच्या शाळेंतील लहानांतल्या लहान मुलास ठाऊक आहे. त्यांच्या मिशांची नक्कल सुद्धां मुलें करतात. परंतु त्याच दिवशीं सकाळीं काश्मिरांत बडगामजवळ एक हेलिकॉप्टर पडलें, आणि त्यांतील सहाहि जण व जमिनीवरील एक नागरिक प्राणास मुकले. त्या हेलिकॉप्टरच्या दोन वैमानिकांपैकीं एक आमच्या महाराष्ट्रांतील नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे हे होते. तें हेलिकॉप्टर आपल्याच बाजूच्या क्षेपणास्त्रानें पाडलें गेलें, हें हवाई दलानें त्याच वर्षीं ऑक्टोबरांत जाहीरपणें कबूल केलें. अभिनंदन यांचें नांव जाणणारीं किती मुलें मांडवगणे यांचें नांव जाणतात? ज्यास या पेशांत जावयाचें आहे, त्यानें दोन्ही नांवें सारख्याच आदरानें पाठ करावीं. पहिलें नांव शिकवितें कीं धैर्यास कधीं कधीं कीर्ति मिळते; दुसरें शिकवितें कीं पुष्कळदां ती मिळत नाहीं, आणि तरीहि काम करावेंच लागतें.

मग पालकांनीं संमति द्यावी कीं न द्यावी? आम्ही म्हणतों, ती पूर्ण द्यावी किंवा मुळींच देऊं नये. अर्धी देऊं नये. मुलास अर्ज करूं द्यावयाचा, आणि निवड झाल्यावर आईनें अन्न टाकावयाचें, वडिलांनीं लग्नाची घाई करावयाची, हा मुलावर अन्याय आहे. जें बोलावयाचें तें आधीं बोलावें. धोका कोणता, एकुलता एक मुलगा असल्यास म्हातारपणीं काय, शेताचें काय, धाकट्या बहिणीचें काय, हें सारें अकरावीच्या आधीं एका संध्याकाळीं घरांत बसून मोकळेपणानें बोलून घ्यावें. अशा बोलण्यानंतर जी संमति मिळते, ती मुलास पांच दिवसांच्या परीक्षेंत सर्वांत मोठें बळ देते. आणि अशा बोलण्यानंतर जर नकारच ठरला, तर मुलानेंहि तो मानानें स्वीकारावा. बापाची भीति म्हणजे भ्याडपणा नव्हे.

आमच्या ख्रिस्ती समाजांतील, तसेच इतर समाजांतीलहि कांहीं पालक आणखी एक शंका घेतात. "ज्या हातांस प्रार्थनेसाठीं जोडावयास शिकविलें, त्या हातांत शस्त्र कसें द्यावें?" ही शंका हंसण्यासारखी नाहीं. शस्त्र धारण करणाऱ्याच्या मनांत ती मुळींच नसेल, तर आम्हांस त्याचें भय वाटेल. आमचें उत्तर इतकेंच कीं, जोंवर दुर्बळांचें रक्षण कोणीतरी करावें लागतें, तोंवर तें काम कठोर मनाच्या माणसांपेक्षां सदसद्विवेक जागा असलेल्या माणसांच्या हातीं असणें बरें. शिवाय हा पेशा केवळ मारण्याचा नाहीं. २०१३ च्या जून महिन्यांत उत्तराखंडांत महापूर आला, तेव्हां दऱ्याखोऱ्यांत अडकलेल्या यात्रेकरूंस हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनीं उचलून आणलें. त्याच कामांत २५ जून रोजीं गौरीकुंडाजवळ एक हेलिकॉप्टर कोसळून वीस जण मृत्यु पावले. ते कोणावर चालून गेले नव्हते. अनोळखी माणसांस वांचवावयास गेले होते. तरीहि ज्याच्या मनाची ही शंका फिटत नसेल, त्यानें या वाटेस जाऊं नये. ती शंका गणवेश अंगावर चढविण्यापूर्वीं मिटविली पाहिजे, नंतर नव्हे.

मुलींविषयीं वेगळें लिहिण्याची खरें पाहतां गरज नसावी. पण आमच्याकडे ती आहे. हवाई दलांत वाहतुकीच्या विमानांवर व हेलिकॉप्टरांवर स्त्रिया १९९४ पासून आहेत. १८ जून २०१६ रोजीं अवनी चतुर्वेदी, भावना कंठ व मोहना सिंग या तिघी लढाऊ वैमानिक म्हणून अधिकारी झाल्या. खडकवासल्याच्या प्रबोधिनींत मुली २०२२ पासून आहेत, आणि त्यांची पहिली सतरा जणींची तुकडी ३० मे २०२५ रोजीं उत्तीर्ण होऊन बाहेर पडली. म्हणजे सरकारनें दार उघडलें आहे. आमच्या जिल्ह्यांत तें दार घरांतूनच, सोळाव्या-सतराव्या वर्षींच्या लग्नानें, लावलें जातें. अठरा वर्षांपूर्वीं मुलीचें लग्न करणें हा कायद्यानें गुन्हा आहे, हें पालकांस ठाऊक असतें. पण त्या लग्नानें एखादी वैमानिक, एखादी डॉक्टर, एखादी शिक्षिका नाहींशी होते, हा हिशेब फारसा कोणी मांडीत नाहीं.

शेवटीं अपयशाविषयीं दोन शब्द. या वाटेनें निघालेल्यांपैकीं थोडेच शेवटपर्यंत पोंचतात. डोळ्यांत दोष निघतो, यंत्राच्या चाचणींत हात चुकतो, मंडळ नाहीं म्हणतें. अशा मुलास गांवांत तोंड दाखविण्याची चोरी वाटूं नये. हवाई दलांतच जमिनीवरचीं अधिकाऱ्याचीं पुष्कळ कामें आहेत. सैन्य आहे, नौदल आहे, आणि दुसरे शेंकडों मानाचे धंदे आहेत. म्हणून पदवी नांवापुरती घेऊं नये. जिच्यावर पोट भरतां येईल अशी घ्यावी. आणि पहा, या पेशाच्या तयारीसाठीं आम्हीं जें जें सांगितलें, तें तें न निवडलेल्या मुलासहि उपयोगी पडतें. गणित चांगलें असणें, शरीर निरोगी असणें, इंग्रजी वाचतां-बोलतां येणें, खरें बोलणें, आईबापांच्या कष्टांची लाज न वाटणें, आणि चार माणसांस बरोबर घेऊन ओझें उचलतां येणें, यांतलें काय वायां जाणार आहे?

तेव्हां विद्यार्थिमित्रहो, या वर्षीं दहावीचा निकाल लागेल तेव्हां "पुढें काय?" या प्रश्नास तुम्ही कांहींहि उत्तर द्या, पण अकरावीच्या अर्जावर विषय लिहिण्यापूर्वीं एक दिवस थांबा, आणि तो अर्ज आईवडिलांपुढें ठेवून त्यांशीं बोला. आणि पालकहो, तुमचें मूल आकाशाची गोष्ट काढील तेव्हां हंसूं नका, व लगेच टाळ्याहि वाजवूं नका. त्यास जवळ बसवा, गणिताची वही मागा, आणि डोळे तपासावयास घेऊन जा.